परदेशातून माल मागवताना विचारणे केव्हा वाजिब होते?

वाचकहो, आपल्या घरातील जानमाज एकदा उलटी करून पाहा. बहुधा कोपऱ्यात एक लहानशी चिठ्ठी शिवलेली आढळेल आणि तिच्यावर तुर्कस्तानचे किंवा चीनचे नाव असेल. तसबीहचे मणी, मुलांच्या टोप्या, अत्तराच्या रिकाम्या कुप्या, मशिदीच्या भिंतीवरचे नमाजाच्या वेळा दाखवणारे घड्याळ, इफ्तारच्या ताटातील खजूर. यांपैकी पुष्कळशा वस्तू जहाजाने न्हावा-शेवा बंदरात उतरून आपल्यापर्यंत पोहोचतात. गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील तरुण हा माल नुसता विकत घेत नाहीत, तो स्वतः मागवूही लागले आहेत. कुणी चीनच्या झेजियांग प्रांतातील यिवू शहरात जाऊन येतो. तेथील घाऊक बाजारात ७५ हजारांच्या आसपास गाळे आहेत, आणि अरब, आफ्रिकी व भारतीय मुस्लिम व्यापाऱ्यांची तिथे इतकी ये-जा असते की जुम्म्याच्या नमाजाला मशीद भरून जाते. कुणी घरबसल्या मोबाइलवरच कारखानदाराशी भाव ठरवतो आणि नमुना कुरिअरने मागवतो.

हे तरुण आमच्याकडे मसले विचारायला येतात, ही समाधानाची गोष्ट आहे. आदरणीय उमर (रजि.) यांनी आपल्या बाजारात दीनची समज असलेल्यानेच विक्री करावी असे फर्मावले होते, त्याची आठवण व्हावी असे हे चित्र आहे. बँकेच्या पतपत्रात व्याज येते का, माल बंदरात येण्यापूर्वी विकता येतो का, दलालाला किती द्यावे, असे त्यांचे प्रश्न असतात. परंतु काही महिन्यांपूर्वी आमच्या जमाअतीतील एका तरुणाने मला वेगळाच प्रश्न विचारला. तो लहान मुलांच्या टोप्या आणि कुर्ते मागवतो. तो म्हणाला, “मौलाना, एकाच नमुन्याचे दोन कारखान्यांचे भाव आलेत. एकाचा भाव दुसऱ्याहून जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी आहे. कारण विचारलं तर म्हणतो, आमची माणसं रात्रीपण काम करतात, तुम्ही फिकीर करू नका. आता यापुढे विचारणं माझ्यावर आहे का?”

यापुढे विचारणे माझ्यावर आहे का? प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या पोटात नीतिशास्त्रातील एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. माणूस जे जाणतो त्याला तो जबाबदार असतो, हे सगळ्यांना मान्य आहे. जे तो जाणत नाही, परंतु जाणू शकला असता, त्याचे काय? आणि अंतर वाढले म्हणजे जबाबदारी पातळ होते काय? आज त्या प्रश्नाचा विचार आपण मिळून करू.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. परदेशी माल घेणे यात मुळात काहीही आक्षेपार्ह नाही. कुरआनच्या सूरह कुरैशमध्ये हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या व्यापारी प्रवासांचा उल्लेख अल्लाहचा अनुग्रह म्हणून आला आहे. आम्हा कोकणातील मुसलमानांचे तर अस्तित्वच समुद्री व्यापाराशी जोडलेले आहे. अरब प्रवासी अल-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६च्या सुमारास, चौलला आला होता. तो त्या बंदराला सैमूर म्हणतो आणि तेथील मुस्लिम व्यापाऱ्यांच्या मोठ्या वस्तीचे वर्णन करतो. चौल आणि दाभोळच्या धक्क्यांवर शतकानुशतके जो माल चढला-उतरला त्यात आपल्या पूर्वजांचा वाटा होता. तेव्हा ‘परदेशी माल म्हणजे वाईट’ अशा विचाराला आपल्याकडे ना धर्मात आधार आहे ना इतिहासात.

याहून महत्त्वाचा पुरावा हदीसमध्ये आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका प्रवासात शामचा, म्हणजे सीरियाचा, अरुंद बाह्यांचा जुब्बा परिधान केला होता. बाह्या इतक्या तंग होत्या की वुजू करताना हात आतून बाहेर काढावे लागले. शामवर त्या काळी रोमनांची सत्ता होती. तो कपडा कुणी विणला, विणणाऱ्याला मजुरी मिळाली की नाही, याची चौकशी केल्याचे त्या हदीसमध्ये आढळत नाही. इमाम बुखारी (रह.) यांनी शामच्या जुब्ब्यात नमाज पढण्यावर स्वतंत्र प्रकरणच लिहिले आहे. यातून आणि अशाच इतर पुराव्यांतून फुकहांनी नियम काढला की वस्तू मुळात मुबाह आहे. तिच्या निषिद्धतेचा पुरावा मिळेपर्यंत ती वापरावी. त्याच्याच जोडीला दुसरा नियम आहे की खात्री संशयाने नाहीशी होत नाही.

ही शरीअतने आपल्यावर केलेली मोठी मेहेरबानी आहे. प्रत्येक भाकरीमागचा शेतकरी आणि प्रत्येक सदऱ्यामागचा शिंपी शोधून काढल्याशिवाय खाऊ-लेऊ नये असा हुकूम असता, तर आपले जगणे अशक्य झाले असते. म्हणून ज्या भगिनी ईदच्या आधी बाजारात मुलाला टोपी घेताना दुकानदाराची उलटतपासणी करत नाहीत, त्यांनी मनात वसवसा आणू नये. त्यांची खरेदी हलाल आहे. जानमाजही त्यांची स्वतःचीच आहे आणि तिच्यावरची नमाज दुरुस्त आहे. काही मंडळी हळहळीच्या भरात अशा मालाला ‘मगसूब’, म्हणजे बळकावलेला, म्हणू लागतात. ते बरोबर नाही. मगसूब कपड्यातील नमाजाविषयी इमामांमध्ये मतभेद आहेत. बहुसंख्य फुकहांच्या मते ती अदा होते पण गुन्हा माथी राहतो, आणि हंबली मजहबमधील प्रसिद्ध मतानुसार ती होतच नाही. पण तो मसला दुसऱ्याच्या मालकीची वस्तू हिरावून घेण्याचा आहे. रीतसर विकत घेतलेल्या वस्तूला तो लावता येत नाही.

मग त्या तरुणाला मी हेच उत्तर देऊन मोकळे व्हायचे होते काय? मला ते पटले नाही, आणि का पटले नाही हेच या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

जो बाजारात जाऊन तयार वस्तू उचलतो आणि जो वस्तू बनवून घेतो, हे दोन वेगळे मनुष्य आहेत. पहिल्याच्या समोर वस्तू येते तेव्हा तिची कहाणी संपलेली असते. तो हो म्हणाला काय आणि नाही म्हणाला काय, विणणाऱ्याची ती रात्र सरलेली असते. दुसऱ्याचे तसे नाही. तो पाच हजार टोप्यांची मागणी नोंदवतो तेव्हा त्या टोप्या अजून अस्तित्वात नसतात. त्यांचा कपडा, त्यांची शिलाई, त्यांची तारीख आणि त्यांचा भाव त्याच्या शब्दावर ठरतो. त्याने तारीख आठ दिवस अलीकडे ओढली तर कुठेतरी कुणाच्या तरी झोपेचे तास कमी होतात. त्याने भावात रुपयाची घासाघीस केली तर तो रुपया कुणाच्या तरी हिश्श्यातून जातो. फिकहने हा फरक ओळखलेला आहे. म्हणूनच तयार वस्तूच्या विक्रीचे नियम वेगळे आणि बनवून घेण्याच्या कराराचे, म्हणजे इस्तिस्नाचे, नियम वेगळे. शामचा जुब्बा हा पहिल्यासाठी पुरावा आहे. दुसऱ्याने त्याची ढाल करू नये.

(जाता जाता एक गोष्ट. हनफी फुकहांनी इस्तिस्ना इस्तिहसानच्या आधारे मान्य केला आहे. आम्हा शाफिईंकडे मात्र तो सलमच्या अटींत बसवावा लागतो, म्हणजे पूर्ण रक्कम कराराच्या बैठकीतच द्यावी लागते. परदेशी कारखानदाराशी होणाऱ्या व्यवहारात तीस टक्के आधी आणि सत्तर टक्के माल चढवताना अशी सर्वसाधारण रीत आहे. कोकणातील शाफिई व्यापाऱ्यांनी आपला करार एकदा जाणकार मुफ्तींकडून तपासून घ्यावा, मार्ग निघतो.)

बनवून घेणाऱ्याची जबाबदारी किती लांबवर जाते याची एक झलक इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या चरित्रात मिळते. ते कूफ्यात रेशमी कापडाचे व्यापारी होते. त्यांनी आपले भागीदार हफ्स यांच्याकडे माल पाठवला आणि एका कपड्यात दोष आहे, तो गिऱ्हाइकाला सांगून मगच विकावा, असे बजावले. हफ्स सांगायला विसरले आणि कपडा कुणाला विकला तेही त्यांना आठवेना. इमामसाहेबांनी त्या मालाची सगळी रक्कम सदका करून टाकली. येथे दोष त्यांनी लपवला नव्हता, विसरणारा दुसरा होता आणि घटना त्यांच्या डोळ्यांआड घडली होती. तरीही ‘मी तर सांगितले होते’ या वाक्यावर ते थांबले नाहीत. आज आपला व्यापारी जेव्हा म्हणतो की कारखाना दलालाने शोधला, माणसे ठेकेदाराने लावली, मला त्यातले काय ठाऊक, तेव्हा ज्यांच्या फिकहवर जगातील मोठा मुस्लिम समुदाय चालतो त्यांचे हे वर्तन त्याने डोळ्यांसमोर आणावे. ही परहेजगारीची उंच पायरी होती आणि कायद्याने ती सर्वांवर लादता येत नाही, हे मला मान्य आहे. पण दिशा कोणती, हे तर कळते.

अंतराविषयीही असेच. आदरणीय उमर (रजि.) मदीनेत बसून म्हणत की फुरातच्या काठी एखादे जनावर बेवारशी मेले तर त्याचा जाब अल्लाह मला विचारील याची मला भीती वाटते. मदीना कुठे आणि फुरात कुठे! कुणी म्हणेल, ते खलीफा होते; आपण टोप्यांचे व्यापारी. खरे आहे. म्हणूनच जबाबदारी मोजण्याचे माप मैल नसून अधिकार आहे, असे मला त्यातून दिसते. ज्याचा जिथवर हुकूम चालतो तिथवर त्याला विचारणा आहे. प्रत्येकजण राखणदार आहे आणि प्रत्येकाला आपल्या कळपाविषयी विचारले जाईल, या आशयाच्या प्रसिद्ध हदीसचा रोखही तोच आहे. मागणी नोंदवणाऱ्याचा हुकूम कारखान्याच्या भट्टीपर्यंत चालत असेल, तर त्याचा कळपही तिथवर पसरलेला आहे.

आता हे सगळे कल्पनेतले वाटू नये म्हणून दोन घटना सांगतो. दोन्ही आपल्याच उपखंडातल्या आहेत आणि दोन्हींत मेलेले बहुसंख्य मजूर मुसलमान होते.

बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. तिच्यात कपडे शिवण्याचे पाच कारखाने होते आणि ते पश्चिमेकडील देशांतल्या कंपन्यांसाठी माल शिवत होते. २३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीच्या भिंतींना व खांबांना भेगा पडलेल्या दिसल्या. खालच्या मजल्यावरील बँकेने दुसऱ्या दिवशी आपले कर्मचारी बोलावले नाहीत; दुकानेही बंद राहिली. शिलाई कामगारांना मात्र बोलावण्यात आले. न आल्यास पगार जाईल अशी भीती घातली गेली, असे वाचलेल्या मजुरांनी सांगितले. २४ तारखेला सकाळी इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसे मेली. त्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. एकाच भिंतीची भेग बँकेने पाहिली आणि कारखानदारानेही पाहिली. फरक एवढाच की कारखानदाराच्या डोक्यावर माल चढवण्याची तारीख होती. ती तारीख ठरवणारे हजारो मैल दूर होते आणि त्यांच्यापैकी कुणीही भेग पाहिली नव्हती. त्यांना न दिसलेली ती भेग त्यांच्या हिशेबात धरायची की नाही, हाच आपला प्रश्न आहे.

दुसरी घटना कराचीच्या बल्दिया भागातली. ११ सप्टेंबर २०१२ रोजी तेथील एका कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि २५० हून अधिक मजूर मृत्युमुखी पडले. ही आग खंडणीसाठी लावण्यात आली होती, असा निकाल पुढे २०२० मध्ये न्यायालयाने दिला. पण आग लावणारा कुणीही असो, खिडक्यांना लोखंडी गज होते आणि बाहेर पडण्याचे दरवाजे बंद होते, म्हणून माणसे आत अडकली. विशेष हे की काही आठवड्यांपूर्वीच त्या कारखान्याला मजुरांच्या स्थितीविषयीचे एक नामांकित आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. ज्या व्यापाऱ्याने विचारपूस केली त्याच्या हातात हा कागद ठेवला गेला असता आणि त्याचे समाधानही झाले असते. यावरून एवढे कळते की विचारणे म्हणजे कागद मागणे नव्हे. बाजारातील धान्याच्या राशीत प्रेषित (स.) यांनी हात घातला तेव्हा आतला ओलावा बोटांना लागला, वरून रास कोरडीच दिसत होती. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले, तरी ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, हे त्याला विचारले गेलेच.

येथे एक शंका प्रामाणिक मनातही येते. दुसऱ्याच्या व्यवहारात डोकावणे म्हणजे तजस्सुस नव्हे काय, आणि सूरह हुजुरातमध्ये त्याला मनाई नाही काय? मनाई आहे, आणि तिचे पालन झालेच पाहिजे. परंतु तजस्सुस म्हणजे माणसाने झाकून ठेवलेले खासगी दोष उकरणे. ज्याच्याशी आपण करार करतो त्याला, आपल्याच पैशाने आपलेच काम कसे होणार, हे विचारणे त्यात येत नाही. मुलीच्या स्थळाची माहिती काढताना आपण जी विचारपूस जायज मानतो, तिचाच हा प्रकार आहे.

तर मग विचारणे वाजिब केव्हा होते? माझी समज अशी, आणि ती चुकली असेल तर जाणत्या उलमांनी दुरुस्त करावी: वस्तू तुमच्या सांगण्यावरून बनत असेल, काहीतरी अन्याय असल्याची खूण तुमच्यासमोर आली असेल, आणि तुमच्या हो-नाही म्हणण्याने तिथे काही बदलू शकत असेल, तर विचारल्याशिवाय पुढे जाणे जायज राहत नाही. या तीन गोष्टी एकत्र आल्यावर ‘वस्तू मुळात मुबाह आहे’ या नियमाचा आसरा घेता येत नाही. कारण तो नियम न जाणणाऱ्यासाठी आहे, जाणणे टाळणाऱ्यासाठी नाही. हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे आणि त्यांच्यामध्ये संशयास्पद गोष्टी आहेत, असे सांगणाऱ्या हदीसमध्ये राखीव कुरणाच्या कडेला गुरे चारणाऱ्या गुराख्याचा दाखला येतो. त्या गुराख्याला कुरणाची हद्द ठाऊक असते. तो कडेकडेने चारतो ते ठाऊक असूनच.

माझ्याकडे आलेल्या तरुणाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी होत्या. टोप्या त्याच्या मागणीवरून शिवल्या जाणार होत्या. त्यामुळे काही बदल घडवणे त्याला शक्य होते. आणि खूण तर कारखानदाराने स्वतःच्या तोंडाने दिली होती. भावातला फरक प्रत्येक वेळी अन्यायाचाच असतो असे नाही. यंत्र नवे असू शकते, कापड घाऊक घेतलेले असू शकते, कारखान्याला त्या महिन्यात काम नसू शकते. परंतु ज्याचे कारण कुणी सांगू शकत नाही किंवा ज्याचे कारण ‘रात्री’ आहे, तो स्वस्तपणा बोलका असतो. अडलेल्या माणसाच्या गरजेचा फायदा घेऊन केलेल्या खरेदी-विक्रीला मनाई करणारी एक रिवायत अबू दाऊदमध्ये आहे. तिची सनद कमजोर आहे हे मुहद्दिसांनी नोंदवले आहे आणि मी ती पुरावा म्हणून मांडत नाही. मजुराकडून पुरे काम घेऊन त्याची मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः उभा राहील, हे सांगणारी हदीस-ए-कुदसी मात्र बुखारीत आहे आणि तिच्या सनदेवर प्रश्न नाही.

मी त्याला महागड्या कारखान्याकडेच जा असे सांगितले नाही. भाव कमी का, रात्रपाळी किती, तिचा वेगळा मोबदला मिळतो का, हे लेखी विचारायला सांगितले, आणि त्या शहरात राहणाऱ्या आपल्या ओळखीच्या माणसाला न कळवता एकदा कारखान्याच्या दारावर पाठवायला सांगितले. याहून महत्त्वाची गोष्ट त्याच्या स्वतःच्या हातात होती. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. चीनमधील कारखाने त्यांच्या नववर्षाला दोन-तीन आठवडे बंद असतात, मजूर गावी जातात. २०२६ मध्ये चिनी नववर्ष १७ फेब्रुवारीला होते आणि रमजान त्याच आठवड्यात सुरू झाला; २०२७ मध्येही दोन्ही फेब्रुवारीच्या आरंभी जवळजवळ येत आहेत. म्हणजे जो व्यापारी डिसेंबरात जागा होऊन रमजानच्या मालाची मागणी नोंदवतो, त्याचा माल सुट्टीआधीच्या रात्री जागूनच शिवला जाणार. त्याने सप्टेंबरात मागणी नोंदवली आणि नमुना वेळेवर पास केला, तर त्या रात्री वाचतात. यासाठी पैसे जास्त लागत नाहीत. फक्त आपला आळस सोडावा लागतो, आणि काही महिने अधिक भांडवल अडकवण्याची तयारी ठेवावी लागते.

‘मी नाही घेतला तर दुसरा घेईल’ या युक्तिवादाला मी फार वेळ देणार नाही. आखिरतमध्ये प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे. पण दुसरा एक आक्षेप वजनदार आहे. आपण मागणी काढून घेतली तर त्या गरिबांचा रोजगारच जाईल, मग त्यांचे भले कसे झाले? राणा प्लाझानंतर बांगलादेशातील अनेक कामगार संघटनांनी परदेशी कंपन्यांना हेच सांगितले की निघून जाऊ नका, इथेच राहा आणि इमारती सुरक्षित करा. त्यातून मे २०१३ मध्ये कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात बंधनकारक करार झाला, तपासण्या झाल्या आणि पुष्कळ कारखाने दुरुस्त झाले. तेव्हा पाठ फिरवणे हाच पहिला आणि सर्वांत पवित्र उपाय आहे असे समजू नये. त्यात कधी कधी आपले हात स्वच्छ ठेवण्याची घाईच अधिक असते. थोडा भाव वाढवून, तारीख सैल करून, तिथेच टिकून राहणे हे अनेकदा मजुराच्या अधिक कामाचे असते.

मात्र याला एक मर्यादा आहे. जिथे मजूर आपल्या मर्जीने आलेलाच नाही, तिथे टिकून राहण्याचा युक्तिवाद कोसळतो. चीनच्या कापसाचा बहुतांश भाग शिंजियांगमध्ये पिकतो. तेथील उइगुर मुसलमानांकडून सक्तीने काम करून घेतले जाते असे आरोप अनेक वर्षे होत आहेत. चीन सरकार ते नाकारते. अमेरिकेने केलेला कायदा जून २०२२ पासून लागू झाला आणि त्याने पुराव्याचा भारच उलटा केला: त्या प्रदेशातील माल सक्तीच्या श्रमाचाच मानला जाईल, तसे नाही हे आणणाऱ्याने सिद्ध करावे. अमेरिकेचे हेतू काय, त्यात व्यापारी भांडण किती आणि कळवळा किती, यावर वाद घालता येईल. आपल्यासाठी प्रश्न सरळ आहे. सुती जानमाज बनवून घेणाऱ्या मुसलमानाने सूत कुठले, एवढे तरी विचारू नये काय? उत्तर मिळाले नाही तर तुर्कस्तानातील गाझियांतेपला गालिचे विणले जातात, आपल्याकडे सोलापूरला चादरी विणल्या जातात, मालेगाव-भिवंडीला माग चालतात. तिथेही मजुरीचे प्रश्न आहेतच, आणि ‘आपल्या माणसांचा’ माल म्हणून तिथे डोळे मिटण्याचे कारण नाही. पण तिथे जाऊन, बसून, चहा पिऊन विचारता येते.

व्यवहारातील इतर मसले आता थोडक्यात. माल आपल्या ताब्यात येण्यापूर्वी विकू नये, हे हकीम इब्ने हिजाम (रजि.) यांच्या हदीसवरून स्पष्ट आहे. तथापि माल जहाजावर चढताच त्याची जोखीम आपल्याकडे येते असा करार असेल, तर जहाजवाला आपला वकील ठरून हुकमी कब्जा होतो, असे अनेक समकालीन फुकहांचे मत आहे. जकात वाचवण्यासाठी बीजकावर कमी रक्कम लिहून घेणे हे खोटी साक्ष लिहून घेणेच आहे. ‘सगळेच करतात’ हा त्यावर फतवा नाही. आणि दलाल तुमच्याकडून मेहनताना घेऊन कारखानदाराकडूनही तुमच्या नकळत हिस्सा घेत असेल, तर जकात गोळा करायला गेलेल्या त्या माणसाची हकीकत त्याला ऐकवावी, ज्याने परत येऊन काही माल तुमचा आणि काही मला भेट मिळाला असे सांगितले होते. आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ती भेट त्याच्याकडे चालत आली असती का, असे प्रेषित (स.) यांनी विचारले.

माणूस निवडण्याच्या बाबतीत माननीया खदीजा (रजि.) यांच्याइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. त्यांचा माल शामला जात असे आणि त्या स्वतः मक्केत असत. दूरदेशी काय भावाने विकले, काय घेतले, हे पाहायला त्या जाऊ शकत नव्हत्या. त्यांनी ज्यांची सचोटी मक्केत ठाऊक होती अशा तरुण मुहम्मद (स.) यांना नेमले, इतरांपेक्षा अधिक मोबदला देऊ केला, आणि सोबत आपला सेवक मैसरा यालाही पाठवले. परत आल्यावर त्यांनी नफा तर पाहिलाच; शिवाय वाटेत वागणूक कशी होती, हे मैसराकडून सविस्तर ऐकून घेतले.

आता राहिला सामान्य घरातील वाचक, जो काहीच मागवत नाही. त्याच्यावर चौकशी वाजिब नाही हे वर आलेच आहे. पण अनेक वाचक मशिदीच्या कमिटीत असतात आणि मशीद गालिचा घेते तेव्हा ती शेकडो मीटर एकदम, बहुधा मेहराबीच्या खास नक्षीत, बनवून घेते. म्हणजे तिथे आपण सगळे मिळून मागणी नोंदवणारे असतो आणि पैसा चंद्याचा असतो. अशा बैठकीत भाव आणि रंग यांवर तासभर चर्चा होते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. पुढच्या बैठकीत कुणीतरी एकाने व्यापाऱ्याला तिसरा प्रश्न विचारावा: हा गालिचा कुणाच्या कारखान्यात विणला जाणार आहे? व्यापाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल तर त्याला आठ दिवसांची मुदत द्यावी. गालिचा आठ दिवस उशिरा आला तरी चालेल.